उखाण्यातले श्रीरंगराव

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर रविवारी सकाळी मी अद्वैत शिकवायचो. ऑफिसात सेक्शन ऑफिसर, घरी आचार्य. सात-आठ मराठी बाबू सतरंजीवर मांडी घालून बसायचे आणि मी ठासून सांगायचो, की जगात दोन वस्तू नाहीतच. पाहणारा आणि दिसणारं एकच, नाव आणि रूप हा नुसता भास. स्वयंपाकघरातून माझी बायको अलकनंदा विचारायची, "दोन नाहीत ना? मग चहा एकच कप आणते." सगळे हसायचे. मला भयंकर राग यायचा.

निवृत्तीनंतर आम्ही नोएडाच्या फ्लॅटमध्ये आलो आणि तिला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दिव्यासमोर धरला. जिथे भरीव असायला हवं तिथे काळी पोकळी होती. चैतन्य काही मेंदूत राहत नाही, मेंदू झिजला तरी ते झिजत नाही, असं मी जन्मभर सांगत आलो. मग ती गेली कुठे, हे मला त्या डॉक्टरला विचारायचं होतं. औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर, एवढंच विचारून मी बाहेर आलो.

एकदा माझा अंगठा टीपॉयवर आपटला. मी दात आवळून गप्प राहिलो, तर ती स्वतःचा पाय धरून कळवळली. मग उठून आरशातल्या बाईला बिस्कीट द्यायला गेली. माझा जुना शिष्य विनायक त्या दिवशी भेटायला आला होता. तो अगदी भारावून म्हणाला, "सर, वहिनींना अद्वैत बिल्कुल सहज साधलं. आपपरभाव उरलाच नाही."

"चहा पी आणि नीघ," मी म्हणालो.

तो पुन्हा आला नाही, ते बरंच झालं. पण खरं सांगायचं तर चीड त्याची नव्हती, स्वतःचीच होती. इतकी वर्षं जे शिकवलं ते माझ्याच घरात उतरलं होतं, आणि मला ते नको होतं. मला दोन हवे होते. एक ती, एक मी, आणि मध्ये रोजची कटकट. दीड वर्ष झालं, तिने मला "अहो" म्हटलं नव्हतं. कधी साहेब म्हणायची, कधी दूधवाला समजून पातेलं पुढे करायची. तिने मला एकदा ओळखावं, एकदाच, यापलीकडे मला मोक्षबिक्ष काही नको होतं.

संक्रांतीनंतर समोरच्या मीनाक्षीने हळदीकुंकवाला बोलावलं. तिथे पुरुषाचं काय काम? पण अलकनंदा मध्येच उठून चालू लागते, म्हणून मी दाराजवळ स्टुलावर बसून राहिलो. उखाण्यांची फेरी तिच्यापाशी आली.

"चलो, काकू, आता तुम्ही नाव घ्या," मीनाक्षी म्हणाली.

तिला नको गं सांगू, असं मी म्हणणार, तोच अलकनंदाने पदर सारखा केला, मान खाली घातली आणि एकही शब्द न अडखळता म्हणाली,

"नवी दिल्लीला गाडी लागली, धुक्यात हरवली पहाट,
श्रीरंगरावांनी फलाटावर चार तास पाहिली वाट."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिने स्वतः रचलेला हा उखाणा. गाडी खरंच चार तास लेट होती, आणि मी थंडीने काकडत उभा होतो. तीस वर्षं मी नावाला भास म्हणत आलो, आणि तेच नाव तिच्या तोंडून ऐकून मी स्टुलावरून उठलो. लाजलज्जा सोडून मी बायकांमधून वाट काढत तिच्यासमोर जाऊन बसलो.

"नंदा," मी म्हणालो, "मी इथे आहे."

तिने मला बराच वेळ निरखून पाहिलं. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि जवळ वाकून हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, एक सांगू? कुणापाशी बोलू नका."

"सांगा," मी म्हणालो. बेचाळीस वर्षांत मी पहिल्यांदाच तिला अहो-जाहो करत होतो.

"नाव पाठ आहे हो मला. पण ते दिसायचे कसे, तेच काही केल्या आठवत नाही. उद्या समोर आले तर मी ओळखणार कशी?" तिचे डोळे भरून आले. "तुम्ही त्यांना सांगू नका हं. फार लागेल त्यांच्या मनाला."

"नाही सांगणार," मी म्हणालो.