मी तुटलो, तिनं सोडला नाही

हो, मी तुटलो. बोरी अरबला, पुंडलिकरावांच्या अंगणात, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुटलो. मी एक दोर बोलतोय, आणि माफी मागायला बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जन्म कारखान्यातला. दीडशे फूट लांब, अंगठ्याएवढा जाड, पांढऱ्या अंगावर निळा धागा. यवतमाळच्या दुकानात संजयनं मला घेतलं ते घरांवर झुकलेली झाडं उतरवायला. झाड मोकळ्या रानात असेल तर कोणीही पाडतं हो! घराला चिकटलेलं झाड पाडायचं नसतं, उतरवायचं असतं. संजय वर चढतो, फांदीला मला बांधतो, वरच्या बेचक्यातून माझं दुसरं टोक खाली सोडतो. खाली त्याची बायको वर्षा मला बुंध्याला तीन वेढे देते आणि घट्ट धरते. फांदी कापली की ती मला इंचाइंचानं सोडते. फांदी अशी जमिनीवर येते की खालची कोंबडीसुद्धा दचकत नाही.

लोक म्हणायचे, "संजयभाऊ लय हिमतीचा." अरे, हिंमत वर होती, कबूल. पण अक्कल खाली उभी होती, तिच्याकडे कोण बघतो?

वर्षाची एक रीत होती. काम संपलं की ती मला सबंध हातातून ओढून पाहायची, डोळे मिटून. मारेगावच्या कामात फांद्या कापायच्या मशीनचा दात मला एका टोकाजवळ लागला, तेव्हा तिच्याच बोटांना तो कळला. सासूच्या जुन्या घागऱ्याची लाल चिंधी फाडून तिनं तिथं बांधली. "या चिंधीच्या पलीकडं वजन लावायचं नाही," असं तिनं संजयला बजावलं. संजयनंही मान हलवली.

मग आला अंकुर. हा फोनवर व्हिडिओ काढून नेटवर टाकणारा पोरगा, बोलायला गोड. पुंडलिकरावांचा कडुनिंब बुडातून पोकळ झालेला, अर्धा त्यांच्या स्वयंपाकघरावर आलेला. अंकुर म्हणाला, "भाऊ, छोटे छोटे तुकडे कोन पाह्यते? एक मोठी फांदी येऊ द्या धाडकन!" आणि संजय भुलला. माणसाला कॅमेरा दिसला की छाती आपोआप फुगते, हे मी चांगलं पाहिलंय.

वर्षा तेव्हा आत होती. पुंडलिकरावांची बायको मैनाबाई चुलीवरची भाजी सोडून उठायला तयार नव्हती, तिला ती हाताला धरून बाहेर काढत होती. तेवढ्यात अंकुरनं मला उचललं. "ही चिंधी व्हिडिओत खराब दिसते."

"काढ ना," संजय म्हणाला. "मले मालूम हाय कट कोठं हाय ते."

कसलं मालूम! चिंधी गेली, आणि वर चढल्यावर त्यानं नेमकं उलटं, जखमेकडचं टोक फांदीला बांधलं. वर्षा बाहेर आली तेव्हा मी झाडावर चढून बसलो होतो. तिनं विचारलं, "चिंधी पाह्यली ना?" वरून उत्तर आलं, "हो हो, धर तू!" तिनं विश्वास ठेवला. नवऱ्यावर ठेवू नये का?

फांदी सुटली. केवढी जड! मी तिच्या तळव्यांतून सरसरत गेलो, साल निघाली, तरी तिनं मूठ उघडली नाही. मीच जखमेच्या जागी फाटलो. हातातला दोर एकदम ढिला पडला, ती मागं कोसळली, आणि स्वयंपाकघराच्या छपरावरच्या कवेलूंचा चुरा झाला. आत कोणी नव्हतं, ते तिच्यामुळे.

अंकुरनं काय टाकलं, माहीत आहे? अकरा सेकंद. ढिला दोर, पडणारी बाई, फुटणारं छप्पर. वर लिहिलं, "बाईनं दोर सोडला!" लाखांनी पाहिलं, खाली नाही नाही ते लिहिलं. पानठेल्यावर लोक दात काढून राहिले, आणि संजय चार दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. माझा असा संताप झाला! पण तुटक्या दोराचं ऐकतो कोण?

अर्धा कडुनिंब अजून घरावर होताच. पुंडलिकराव म्हणाले, "उरलेलं काढून दे बाप्पा. पण दोरावर गडी आन, बाई नको." संजय म्हणाला, "बरं."

वर्षानं ऐकलं. पंधरा वर्षांचं तिचं काम त्या एका "बरं"मध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी ती हाताला फडकं बांधून आली, पोत्यातून माझे दोन्ही तुकडे काढले आणि अंगणात सगळ्यांपुढं टाकले.

"पाहा. अर्धे धागे मशीननं कापले, अर्धे तुटले. सुटलेला दोर असा दिसते काय?" मग नवऱ्याकडे वळली. "चिंधी कोनं काढू देली? सांगा ना."

संजय खाली वाकून माझे तुकडे गोळा करू लागला.

मैनाबाई मोडक्या स्वयंपाकघराच्या दारातून कडाडली, "अरे बोल ना! तिच्या हाताची साल निंगाली. तुह्या तोंडून कायले शबुद निंगत नाई?"

"म्या," संजय म्हणाला. "म्या काढू देली. टोकही म्याच उलटं बांधलं. तिनं सोडला नाई."

"अंकुरभाऊ, आता काढा फोन," वर्षा म्हणाली. "हे पुन्हा बोलतील ते."

"वहिनी, असं कोन पाह्यते?"

"नाई पाह्यलं तं नाई. पन टाका."

संजय फोनपुढं तेच पुन्हा बोलला. मग नवा दोर आला, आणि तो वर्षाच्या हातात दिला तो स्वतः पुंडलिकरावांनी. दोन दिवस लागले. छोटे छोटे तुकडे, एकही कवेलू हललं नाही.

मला वर्षानं कापून लहान केलं, कोणाला पुन्हा वजन लावायचा मोह नको म्हणून. आज माझ्यावर लुगडी वाळतात. वाळू द्या, मला त्याची लाज नाही.

लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटते, आणि ती माझी नाही. ते अकरा सेकंद अजून फिरतात, लाखांनी. संजयचं खरं बोलणं आजवर तीनशे बारा जणांनी पाहिलं. तुम्ही हे ऐकलंत, म्हणजे तीनशे तेरावे. आता कुठं कोणी ते अकरा सेकंद दाखवून हसला, तर मला खुशाल कच्चा म्हणा, कुजका म्हणा. पण तिथं गप्प बसू नका.