उपासाच्या रविवारी आणलेलं जेवण

मी विसाव्या वर्षी मॉर्मन झाले, तेव्हा वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या वेस्लियन, म्हणजे दुसऱ्याच ख्रिस्ती पंथाचं, त्यातून वडील त्या चर्चचे कारभारी. पण मी हटले नाही. हट्टीपणा त्यांचाच घेतलाय, दुसरं काय.

पुढे मी हे मॉर्मन चर्चही सोडलं. सोडलं असं नाही, जाणं राहत गेलं. नवरा हेनेली वारला, मी हॉटेलात कामाला लागले, तिथे रविवारची सुट्टी नव्हती. एक रविवार चुकला, मग महिना. आमच्यात चालत नाही तो चहाही सुरू झाला. मग शरमेने पाय निघेना. बघता बघता नऊ वर्षं गेली.

यंदा हॉटेल सोडलं आणि ठरवलं, आता जायचं. भीती एकच होती, तिथे आपली जागा उरली असेल का? कोणी कीव केलेलीही मला खपली नसती. आणि रिकाम्या हाताने जाणं आमच्या वावाऊ बेटावर कुणालाच जमत नाही, मला तर मुळीच नाही. पहाटे उठून डुकराचं पिल्लू विस्तवावर फिरवून भाजलं. अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध घालून चाळीस लू बांधले आणि जमिनीतल्या भट्टीत शिजवले. चर्चला जाताना आमच्याकडे गुंडाळतात तशी कमरेला चांगली चटई गुंडाळली, शेजाऱ्याच्या गाडीत टोपल्या चढवल्या आणि ऐटीत निघाले.

चर्चच्या दारात माझी जुनी मैत्रीण वाईमोआना उभी होती. तिने टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लोसे, आज महिन्याचा पहिला रविवार आहे."

पहिला रविवार म्हणजे उपास. काल संध्याकाळपासून सगळी मोठी माणसं पाणीसुद्धा न पिता होती, आणि मी त्यांच्या दारात खमंग डुक्कर घेऊन उभी. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"नऊ वर्षं गायब होतीस," वाईमोआना म्हणाली, "आणि जेवण आणायला बाई तुला हाच दिवस सापडला?"

मी परत जाते म्हटलं, तर तिने मनगट धरून मला आत नेलं आणि स्वतःशेजारी बसवलं. टोपल्या बाहेर खिडकीखाली ठेवल्या होत्या. वास थेट आत येत होता. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने तीनदा मागे वळून पाहिलं.

उपासाच्या दिवशी प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने उठून आपली श्रद्धा सांगायची. माझा उठायचा विचार नव्हता, पण उठले.

"मी लोसे. आज कुठला रविवार तेही मी विसरले. सकाळी दोन कप चहा पिऊन आलेय. पण देवाला विसरले नव्हते. तुम्हालाही नाही."

तेवढंच बोलून बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू.

प्रार्थना संपली तरी कोणी घरी जाईना. आमच्यात बिशप गावातलाच साधा माणूस असतो; आमचा बिशप मोलितोनी एरवी गाड्या दुरुस्त करतो. त्याने जाहीर करून टाकलं की सूर्य मावळेपर्यंत इथेच थांबायचं, एवढं जेवण टाकून कोणी जाऊ नये. अंगणात फणसाखाली चटया पडल्या. कोणी गात होतं, कोणी घोरत होतं. मीही काही खाल्लं नाही. वाईमोआनाने नऊ वर्षांतल्या गावच्या सगळ्या भानगडी सांगून संपवल्या. इतकं सुख मला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

सूर्य मावळला, प्रार्थना झाली आणि सगळे जेवणावर तुटून पडले. बिशप माझ्याजवळ येऊन बसला. तोंडात घास होताच.

"मावशी, लहान मुलांच्या वर्गाला शिकवायला कोणी नाही. पुढच्या रविवारपासून घ्या तुम्ही."

"अरे, मला आजचा रविवार कुठला ते कळलं नाही."

"त्यांना तरी कुठे कळतं?" तो म्हणाला आणि दुसरा लू सोडायला लागला.

आमच्यात पाहुण्याला वाढतात. काम सांगतात ते घरच्या माणसाला. मी हातातला घास खाली ठेवला आणि वर्ग किती वाजता भरतो ते विचारलं.