वाढदिवसाची अक्षरं

शाळा सोडल्यापासून मी आळेफाट्यावर फ्लेक्स डिझाइन करते. आमच्या पिंपळवंडीत उसाच्या कडंला लावायला ‘बिबट्यापासून सावधान’ हा बोर्ड मी वाढदिवसाच्या जाड, गोलमटोल फॉन्टमधी केला. मालक अरिहंतशेठ म्हनले, "प्राची, ही अक्षरं फुग्यावानी दिसत्यात. भ्यायचं कोनी?"

मी भडकले. "लई भारी दिसतंय, शेठ!"

आज त्या बोर्डाखाली माझ्या पाच वर्षांच्या भावाची, अमृतची, चप्पल दिसली. मी घसा फुटंस्तोवर हाका मारल्या. त्यो उसातनं बाहेर आला.

"तायडे, हितं वाढदिवस हाय ना? माझ्या बोर्डावर अशीच अक्षरं व्हती. केक कुठंय?"

मी त्याला उचललं अन् पळत सुटले. वारा अजिबात नव्हता, तरी मागं ऊस हलत व्हता.