सरासरी सोळा दिवसांची अंडी

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभे आहात. ओट्यावर अंड्यांचे चाळीस ट्रे. एक अंडं फोडलं, तर आतून राखाडी पाणी. तो वास नाकात थांबत नाही, थेट घशात जाऊन बसतो. आता डोळे उघडा. वास काही जायचा नाही.

आदल्या दिवशी बारा मुलींना उलट्या झाल्या आणि खापर स्वयंपाकीणबाईंवर फुटलं. दोष मालात आहे हे संध्याकाळपर्यंत दाखवा, नाहीतर काम सोडा, असं रेक्टरबाईंनी बजावलं. बाईंची सातवीतली लेक भिंगरी प्रत्येक ट्रेवरची अंडी घातल्याची तारीख वहीत उतरवत बसली.

"नाक तरी बांध गं," आई म्हणाली.

"बांधलं की तारीख दिसत नाही. रुमाल डोळ्यांवर येतो."

संध्याकाळी दोघी ऑफिसात गेल्या, तर अंडेवाला आधीच साखर पेरत बसलेला. त्याने रंगीत कागद पुढे केला. "तीन फार्म, तीन खांब, तिन्ही सारखे. आणि माल आला त्या दिवशी अंड्यांचं सरासरी वय सोळा दिवस. तुमचा नियम विसाचा. यांनीच चुलीजवळ ठेवली असतील."

"काका, हा स्तंभालेख आहे," भिंगरी म्हणाली. "कुठल्या फार्मची किती अंडी, एवढंच सांगतो. शिळी किती, ते नाही."

"छकुली, सरासरी सांगितली ना?"

भिंगरीने वही उघडली. तिने अंड्यांच्या वयाच्या दिवसांचे पाच-पाचाचे गट पाडले होते. फार्म वेगवेगळे असतात, म्हणून त्यांच्या खांबांत फट ठेवायची. दिवस मात्र एकाला एक लागून येतात, म्हणून इथे खांबही चिकटवायचे. याला आयतालेख म्हणतात. डावीकडे दहा दिवसांच्या आतले सव्वीस ट्रे, एक टेकडी. मग दहापासून तिसापर्यंत नुसतं मैदान. आणि पार उजवीकडे, तिसाच्या पुढे, चौदा ट्रेंची दुसरी टेकडी.

रेक्टरबाईंनी चष्मा पुसला. "सोळाच्या जागी तर काहीच नाही."

"एकही ट्रे नाही बाई. ताजी वर रचली, महिन्याची जुनी खाली दडवली. सरासरीत दोन्ही मिसळून गेली."

रेक्टरबाईंनी त्याच्या रंगीत कागदाकडे पाहिलं आणि तो दोन बोटांनी धरून दूर सारला, जसा आपण ताटातला केस काढतो.

अंडेवाला मात्र हसत होता. "तारखांचं काय घेऊन बसलात? माल एक नंबर. आमच्या घरी हीच खातात."

भिंगरी उठली. ती स्वयंपाकघरात गेली, उजव्या टेकडीतल्या ट्रेमधली दोन अंडी घेऊन आली, ती टेबलावरच्या रिकाम्या कपात फोडली आणि चमच्यासकट कप त्याच्यापुढे सरकवला.