पूर्वेच्या दाराचा कोपरा

आमची थोरली लेक आजी झाली, त्या सालची ही गोष्ट. बाळाला बघायला सगळे जमले होते. आमचे हे खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि बाळ मांडीवर असताना ह्यांनी लेकीला पुन्हा ते ऐकवलंच.

"तू जन्मलीस आणि माझा कोपरा राहिला."

"बाबा, मी आता आजी झाले," लेक म्हणाली. "आता तरी त्या कोपऱ्याला सोडा."

हे फरशीचे मिस्त्री. तरुणपणी शहरातल्या मोठ्या रेल्वे स्टेशनच्या दालनाची फरशी ह्यांच्या टोळीनं बसवली. फरशी बसवणाऱ्यांची एक रीत असते. काम संपलं की थापीच्या मुठीनं एकेक फरशी वाजवून बघायची. भरीव वाजली तर खाली माल नीट बसला, पोकळ वाजली तर उखडायची आणि पुन्हा बसवायची. वाजवल्याशिवाय मिस्त्री जागा सोडत नाही. ह्यांनी सगळं दालन वाजवलं. फक्त पूर्वेच्या दाराचा कोपरा ओला होता, म्हणून तो दुसऱ्या दिवसावर ठेवला. त्याच संध्याकाळी गावाहून निरोप गेला की मुलगी झाली. हे मिळेल त्या गाडीनं निघून आले. पुढं गावाकडंच कामं लागली आणि तो कोपरा वाजवायचा राहिला तो राहिलाच. जन्मभर ह्यांनी दुसऱ्यांच्या ओट्यापासून देवळापर्यंत सगळं वाजवलं, पण जीव अडकला तो तिथं.

आता ह्यांचे पाय गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, प्रवासाचं नाव काढू नका.

मुलगा म्हणाला, "मी जाऊन फोटो काढून आणतो."

"फोटो वाजतो का?" ह्यांनी विचारलं.

मग माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्या हाताखाली माल कालवलेला, फरशा उचलून दिलेल्या. पोकळ आणि भरीव मला झोपेतही कळतं. सून म्हणाली, "आई, एकट्या? मी रजा काढते." मी म्हटलं, "रजा ह्यांच्या दुखण्याला ठेव. मला तोंड आहे, विचारत जाईन."

निघताना ह्यांनी स्वतःची थापी माझ्या पिशवीत ठेवली आणि रस्ता सांगितला. "स्टँडवर काळी फरशी. ती संपली की डावीकडं. मग लाल ठोकळ्यांचा रस्ता. लाल संपलं की ट्राम."

"अहो, ओळखायचं कशावरून? दुकान, घड्याळ, काहीतरी सांगा की वरचं."

"वरचं? वर मी कधी बघितलं?"

ह्या माणसानं तरुणपणी शहरात काम केलं आणि शहर पाहिलं ते गुडघ्यांच्या उंचीवरून.

मी पहाटेच्या बसनं पोचले. स्टँडवरची काळी फरशी होती तशी होती, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. मला एकदम धीर आला. डावीकडं वळले. लाल ठोकळे काही येईनात. मी आपली खाली मान घालून चालतेय, चालतेय, आणि एका फुलवालीच्या गाडीवर जाऊन आदळले.

"काय शोधताय, आजी?"

"लाल ठोकळे."

"कुठले?"

"ह्या रस्त्यावरचे."

"अहो, माझं लग्न व्हायच्या आधी काढले ते! आता पोराचं लग्न आलंय." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्हाला पत्ता कुणी सांगितला?"

"नवऱ्यानं."

"मग बरोबर. नवऱ्याचे पत्ते असेच असतात. मान वर करा, ती बघा ट्रामची तार. तिच्याखालनं चालत जा, ट्राम आपोआप सापडेल."

मी मान वर केली आणि मग ती खाली आणवेना. घराघरांच्या माथ्यावर दगडात कोरलेले चेहरे होते, कुणी हसणारा, कुणी गाल फुगवलेला. एका चेहऱ्याच्या डोक्यावर कबुतर ऐटीत बसलं होतं. एका गॅलरीत म्हातारा झाडांना पाणी घालत होता आणि खालच्या गॅलरीतली बाई छत्री उघडून कपडे वाळत घालत होती, रोजचंच असल्यासारखी. हे सगळं ह्यांच्या डोक्यावर होतं आणि ह्यांना पत्ता नाही!

ट्रामच्या थांब्यावर वेगळीच पंचाईत. मी वाचायला शिकले पन्नाशी उलटल्यावर, सुनेकडून. वाचता सगळं येतं, पण अक्षराला अक्षर लावून पाटी पुरी होईपर्यंत ट्राम निघून जायची. अशा दोन-तीन गेल्या. पुढची आली तेव्हा मी पुन्हा ओठ हलवत उभी. दार उघडंच राहिलं. चालवणारी बाई खिडकीतून वाकून म्हणाली, "झालं का वाचून, आजी? का शेवटचं अक्षर राहिलं?"

"शेवटचंच राहिलंय."

"ते आत बसून वाचा. नदीपर्यंत जाते."

आतले लोक हसले आणि एका पोरीनं मला खिडकीची जागा दिली. ट्राम वळणावर अशी कण्हायची की गुडघे धरून उठणारी बाईच. बेकरीच्या दारातून गरम वास आत आला. शाळेसमोर ट्राम थांबली आणि चालवणाऱ्या बाईंनी घंटा वाजवून रेंगाळणाऱ्या मुलांना आत पळवलं. त्या मुलांना सवय असावी, त्यांनी टाटा केला. एवढं मोठं शहर, पण माणसं एकमेकांना धरून होती.

नदीपाशी उतरून पूल चालत ओलांडला. मधोमध बसून डबा खाल्ला. पलीकडं भुयारी गाडी. जिने उतरून तळाशी पोचले आणि बघतच राहिले. जमिनीत इतकं खोल, आणि फरशी आरशासारखी, सांधा नखालाही लागू नये असा. फलाटाच्या कडेनं पिवळी उठावाची पट्टी होती. मला वाटलं, नक्षी. तेवढ्यात एक आंधळा माणूस काठी त्या पट्टीवरून फिरवत माझ्यापुढून सरळ गाडीच्या दारात गेला. मी चपला काढून त्या पट्टीवर उभी राहिले. पायाला एकेक उठाव नीट लागत होता. ज्यानं कुणी हे सुचवलं, त्याच्या आईला सुख लाभो.

आणि मग स्टेशन.

दालनाचं छप्पर काचेचं. ऊन वरून पाझरत होतं आणि माणसं त्यातून चालत होती. आणि खाली आमच्या ह्यांची फरशी! पांढऱ्यात करड्या चांदण्या, भोवती काळा काठ. इतकी वर्षं लाखो पायांखाली गेली, तरी चांदणीचं एक टोक ढळलं नव्हतं. मी जन्मभर तिच्याबद्दल ऐकलं होतं आणि मला वाटायचं, बढाई असेल थोडी. कसली बढाई, उलट कमीच सांगितलं होतं!

मी खाली बसले, थापी काढली आणि वाजवायला लागले. भरीव. पुढची भरीव. सरकत सरकत चालले होते, तोच दोन बूट समोर येऊन थांबले.

"आजी, काय हरवलं?" पहारेकरी होता.

"काही नाही. ऐकतेय."

"कोण बोलतंय खालून?"

"कुणी नाही बोलत, तेच बरंय. बोललं असतं तर पोकळ असती." मग मी त्याला सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "वाजवा. पण ती थापी लांबून हत्यार दिसते, जरा पदराआड धरा."

मी त्यालाच विचारलं, पूर्वेचं दार कुठलं. त्यानं हात केला आणि माझा हात तसाच राहिला. पूर्वेच्या दाराशी सरकता जिना होता. कोपरा नव्हताच. काळा काठ जिन्याच्या लोखंडापाशी येऊन तुटला होता.

मी तिथं कठड्याला धरून उभी राहिले. लोक जिन्यावर पाय ठेवत होते आणि वर जात होते. घरी खाटेवर एक माणूस दाराकडं डोळे लावून बसला होता, आणि त्याला सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. खोटं बोलले असते, पण फरशीच्या बाबतीत ह्यांना माझं खोटं लगेच कळतं.

फरशी पुसायच्या यंत्रावर बसून एक बाई आली. पिकले केस, रंगवलेली नखं. मला वळसा घालून गेली, परत आली.

"जिन्याची भीती वाटते का? मी हात धरते."

"भीती नाही हो. इथं माझ्या मालकांनी बसवलेला कोपरा होता."

तिनं यंत्र बंद केलं. "इथला? तुमच्या मालकांनी?" आणि ती हसायलाच लागली. "अहो, तो कोपरा फोडताना काय तमाशा झाला होता! बाकीचं काम सरळ झालं. ह्या कोपऱ्याशी येऊन अडलं. मशीनची पाती तुटली. नवीन आणली, तीही तुटली. शेवटी पहारी घेतल्या. मी रोज इथं धूळ पुसायला, सगळं ऐकलंय. काय शिव्या घातल्या त्या लोकांनी बसवणाऱ्याला!"

"काय शिव्या?"

"जाऊ द्या हो, आता तुमच्यासमोर..."

"नाही, सांगा. शब्दाला शब्द सांगा. मला घेऊन जायच्यात."

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि सांगितल्या. मी पुन्हा म्हणून दाखवल्या, तिनं चुकलेली दुरुस्त केली. पहारेकरीही येऊन ऐकत उभा राहिला.

संध्याकाळच्या बसनं घरी पोचले. हे जागेच होते. मी काचेच्या छपरापासून सुरुवात केली.

"छप्पर राहू दे. कोपरा?"

"कोपरा नाही. सरकता जिना केलाय तिथं."

ह्यांनी डोळे मिटले. मी खाटेवर बसले आणि म्हटलं, "पण फोडताना शिव्या घातल्या तुम्हाला."

डोळे उघडले. "कुणी?"

"फोडणाऱ्यांनी. पाती तुटली म्हणे, दोनदा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ही फरशी आहे का अक्कलदाढ? ज्यानं बसवली तो भेटू दे एकदा, त्याचेच दात पाडतो!"

ह्यांना हसू फुटलं ते खोकला लागेपर्यंत. तोंडात एकही दात उरला नव्हता. सून पाणी घेऊन धावली. "अजून?" ह्यांनी विचारलं. मी बाकीच्याही सांगितल्या, सून होती तरी सांगितल्या.

पुढं कुणी भेटायला आलं की मला त्या शिव्या म्हणून दाखवाव्या लागत. लेकीलाही फोनवर ऐकवायला लावल्या, आणि ती म्हणाली, "बाबा, म्हणजे आता मी सुटले?" "सुटलीस," हे म्हणाले.

त्याच साली, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी चहा घेऊन हे गेले. वय एक्क्याऐंशी होतं.