साठ पॉइंट हवा

हवालदाराने टायर रिमपासून सोडवला, आत हात घालून गोल फिरवला आणि तो हात माझ्या नाकासमोर धरला. तळव्यावर काळी भुकटी होती.

"हे काय आहे, सांग बरं?"

"धूळ असेल," मी म्हणालो.

"धूळ! तीस वर्षं मी इथं काय गोट्या खेळतोय? हे टायरचं आतलं रबर आहे. पीठ झालंय त्याचं. हवा कमी ठेवून गाडी दामटली की असं होतं. आणि चारही टायरचं तेच! आणि तू मघाशी पंक्चर म्हणालास! चार टायर एकदम पंक्चर होतात का रे कुणाचे?"

हा हवालदार म्हणजे पोलीस नव्हे. हवा भरतो म्हणून आम्ही ड्रायव्हर लोकांनी त्याला ठेवलेलं नाव. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकावं. मी त्याला मघापासून डोळ्यांनी खुणावत होतो की बाबा, गप बस. कारण माझी बायको चार हातांवर उभी होती. गाडी जॅकवर घ्यायची म्हणून तिला खाली उतरवलं होतं. बाकावर बसणं तिला जमत नाही, म्हणून ती जुन्या टायरांच्या चळतीला रेलून उभी होती आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचत होती. पण खुणा कळल्या तर तो हवालदार कसला!

"डोळ्यात काय गेलंय का तुझ्या?" त्याने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं.

माझी गाडी चार दारांची पिकअप आहे. पुढे माणसं बसतात, मागच्या हौद्यात फरशी जाते. कारखान्यातून गोदामात, रोज दोन खेपा. बावीस वर्षं मी फरशी वाहतोय. लोकांच्या पायाखाली काय काय घातलं आहे मी, विचारू नका. आमच्या घरात मात्र अजून साधा कोबा आहे. बायको म्हणायची, चांभाराचा पाय उघडा तसं आपलं चाललंय, आणि हसायची. तेव्हा ती पुष्कळ हसायची.

मग तिच्या मणक्यात गाठ निघाली. कापून काढता येणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आठवड्यातून तीन सकाळी इस्पितळात जायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं आणि दुपारी परत. साध्या मोटारीत तिला वाकून खाली बसता येत नाही. रुग्णवाहिकेत एकदा नेली, तर स्ट्रेचरचे पट्टे आवळल्यावर तिचा जीव गुदमरायला लागला. माझ्या पिकअपची सीट मात्र बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला येते. उभ्या उभ्या टेकायचं, मी पाय उचलून आत ठेवायचे, झालं. म्हणजे पिकअपशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि पिकअपचे टायर होते ट्रकच्या जातीचे. ओझ्यासाठी केलेले, दणकट. हौदा भरलेला असला की गाडी झोकात चालते, पण रिकामी असली की दगडावर दगड आपटल्यासारखी. पहिल्या महिन्यात तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. नुसती दाराच्या वरची मूठ धरायची. पण ती धरलेली बोटं मला आरशात दिसत होती. एक दिवस मी ती तयार होईतो बाहेर गेलो, काडीने व्हॉल्व्हची पिन दाबली आणि चारही चाकांतली हवा निम्म्यावर आणली. त्या दिवशी गाडी गादीसारखी गेली. तिने मूठ धरली, पण मधेच सोडून केस सारखे केले. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

मग तोच नेम झाला. सकाळी हवा काढायची, दुपारी तिला घरी सोडून कोपऱ्यावरच्या पंपावर भरायची आणि फरशी भरायला पळायचं. कुणालाही विचारा, असल्या टायरची हवा कमी करून वर टनभर ओझं घालायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा. म्हणून मी न चुकता भरत होतो. चुकलो गेल्या आठवड्यात. पंपावर ही रांग! म्हटलं, एक दिवस चालतंय. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, चालतंय. काल कारखान्याच्या गेटवाल्याने टायरच्या बाजूला पडलेल्या सुरकुत्या बघितल्या आणि मला आत सोडलंच नाही. "नवे टायर घालून ये. आणि ट्रकचेच घाल, मी वाचून बघणार आहे," असं म्हणाला. तो खरंच वाचतो. टायरवरचं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय तो कुणाला फरशी भरू देत नाही.

म्हणून आज इस्पितळातून परस्पर इथे.

हवालदाराने दोन नवे टायर आणून माझ्यासमोर उभे केले.

"नंबर दोन्हींचा तोच. तुझ्या रिमवर दोन्ही बसतात. हा ट्रकचा, हा साध्या मोटारीचा. अंगठा लावून बघ."

मी लावला. एक हूं की चूं न करणारा, दुसरा जरासा दबणारा.

"आतल्या माणसाला सुख हवं असेल तर हा साधा. मागं ओझं टाकायचं असेल तर हा दुसरा. साध्यावर फरशी घातलीस तर पहिल्याच उतारावर माझी आठवण काढशील. दोन्ही पाहिजे म्हणालास तर तसला टायर कुणी काढलेला नाही. आणि ते हवा काढायचं, भरायचं थेर बंद कर. रोजचं करत होतास ना? टायर बघून कळतंय मला. किती महिने चाललं होतं?"

मी वाकून नव्या टायरवरचा नंबर वाचायला लागलो. खरं तर आता लपवून उपयोगही नव्हता.

"अहो," मागून बायकोचा आवाज आला. "ते विचारतायत, किती महिने?"

"काय किती महिने?"

"हवा."

मी हवालदाराकडे बघितलं. आत्ता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो कोपऱ्यातल्या नळाशी गेला आणि हात धुवायला लागला. हा माणूस संध्याकाळपर्यंत कधी हात धूत नाही.

"चार," मी म्हणालो. "चार महिने झाले."

ती जाहिराती वाचत असल्यासारखीच उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं, आणि म्हणूनच मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

डॉक्टर दर खेपेला तिला एकच विचारत. मणक्याला धक्के बसतात तेव्हाचं दुखणं खरं, असं त्यांचं म्हणणं. घरी पडून असताना किती दुखतं ते सोडा, गाडीतून येताना किती दुखलं? एकापासून दहापर्यंत आकडा सांगा. पहिल्या महिन्यात ती आठ सांगायची. मग मी हवा काढायला लागलो आणि ती चार म्हणाली. पुढे तीन. डॉक्टर खूश झाले. त्यांनी दुखण्याच्या जालीम गोळ्या निम्म्या केल्या. ती फोनवर धाकट्या बहिणीला सांगायला लागली, "अगं, लागू पडतंय मला. गाडीत आता काही वाटतसुद्धा नाही. थंडी पडली की चार दिवस राहायला येते तुझ्याकडे." मला माळ्यावरची बॅग खाली काढायला लावली, फडक्याने पुसली. रात्री कूस बदलताना कण्हायची, पण म्हणायची, दिवसभर उठबस झाली ना, त्याचं आहे ते. आणि मी काय म्हणालो? "बघ, गुण येतोय." माझ्या या तोंडाने म्हणालो. दोनतीनदा सांगायचं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण तिचा चेहरा बघितला की जीभच उचलायची नाही. एकदा लपवलं, आणि मग त्या लपवण्यातून बाहेर यायला दारच राहिलं नाही.

"म्हणजे औषधाने नव्हतं," ती म्हणाली.

"थोडं औषधानेही असेल."

"असेल," ती म्हणाली.

मला ते सहन होईना. मी हवालदाराला ओरडूनच सांगितलं, "साधे चढव. ते मऊवाले. चारही."

"आणि फरशी?" हे तिने विचारलं.

"खड्ड्यात गेली फरशी. सोडतो मी काम."

"आणि करणार काय?"

"बसेन घरी. तुझ्याजवळ."

"दिवसभर? माझ्या तोंडाकडे बघत?" ती म्हणाली. "गाठीने नाही मरायची, पण त्याने नक्की मरेन मी."

नळाशी हवालदार फिसकन हसला आणि लगेच त्याने जीभ चावली.

"हसू नका हो," ती त्याला म्हणाली. "ट्रकचे घाला. हवा किती भरतात त्यात?"

"मागच्यात साठ पॉइंट, वहिनी. पुढच्यात जरा कमी."

"मग साठ भरा. एक पॉइंट कमी भरलात तर मला कळणार आहे."

"अगं, तुला सोसायचं नाही ते," मी म्हणालो.

"मला काय सोसतं आणि काय नाही, ते मला कळू द्या की एकदा!"

एवढ्या मोठ्याने ती बोलली की तिलाच धाप लागली. तिने एका हाताने चळत घट्ट धरली. मी पुढे झालो तर तिने दुसरा हात वर करून मला थांबवलं. बत्तीस वर्षांच्या संसारात आमची भांडणं काय कमी झाली? पण मला असं लांब उभं करणं तिने कधी केलं नव्हतं. धड जवळ जाता येईना, धड बाहेर जाता येईना. मी त्या दोन टायरांच्या मधे उभा राहिलो.

हवालदाराने टायर चढवले. नट आवळताना एरवी तो दहा गोष्टी सांगतो, आज मुकाट्याने आवळत होता. हवा भरून झाल्यावर त्याने मीटर माझ्याकडे न आणता तिच्याकडे नेलं. तिने चष्मा खाली घेऊन काटा बघितला आणि मान हलवली.

दुकानापासून पन्नास पावलांवर पहिला गतिरोधक आहे. मी बैलगाडीच्या चालीने गेलो, तरी चाक उतरताना दणका बसला.

"आई गं!"

गाडीत तिच्या तोंडून मी हे कधीच ऐकलं नव्हतं. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागून एकाने भोंगा वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"थांबू नका," ती डोळे मिटून म्हणाली. "थांबलात की सुटताना परत धक्का बसतो."

"हळू नेतो."

"हळू नेलं की जास्त वेळ दुखतं. नेहमीसारखे चला."

मग मी नेहमीसारखा चाललो. ती आता गप्प बसत नव्हती. प्रत्येक खड्ड्याला "आई गं" म्हणत होती, रस्ता करणाऱ्याला शिव्या देत होती, त्याच्या मुलाबाळांनाही सोडत नव्हती. असल्या शिव्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि समोरचं धड दिसत नव्हतं. तिने ते बघितलं. "आता मला मारून टाका म्हणजे सुटलो दोघं, डोळे पुसा आधी," असं म्हणाली. मी बाहीने पुसले. घरी पोचलो तेव्हा तिची ओढणी घामाने भिजली होती. तिने मला पाय खाली ठेवू दिले, पण आत गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी मी गेटावर गेलो. गेटवाल्याने चारही टायर वाचले आणि म्हणाला, शाबास. मी फरशी भरली.

तिसऱ्या दिवशी इस्पितळाची पाळी होती. सकाळी ती माझ्या आधी बाहेर आली आणि मी तिला गाडीत ठेवेपर्यंत चाकांकडे बघत राहिली. वाटेत फारसं बोलली नाही. ओरडलीही दोनतीनदाच.

डॉक्टरांनी सवयीने कागद पुढे ओढला. "हं, येताना किती?"

"आठ," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मागचे आकडे बघितले. "गेल्या खेपेला तीन होतं. एकदम कसं वाढलं?"

"वाढलं नाही, डॉक्टर. होतं तेवढंच आहे. टायर बदलले आम्ही."

डॉक्टर चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. मी त्या खोलीत कधी बोलत नाही. फाईल धरून दाराशी उभा राहतो, एवढंच माझं काम. पण त्या दिवशी मी सगळं सांगितलं. काडी, पिन, पंप, गुण येतोय म्हणालो तेही. चार महिन्यांचं एका दमात बाहेर आलं. डॉक्टर मला रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता पेन घेतला आणि चार, चार, तीन, तीन असे सगळे आकडे एकेक करून खोडले. मग गोळ्या पूर्वीएवढ्या लिहिल्या.

"म्हणजे आज आठ," ते कागदाच्या तळाशी लिहीत म्हणाले. "नक्की ना?"

तिने माझ्याकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"नऊ लिहा," ती म्हणाली. "आठ मी ह्यांच्यासाठी सांगितलं होतं."

डॉक्टरांनी आठ खोडून नऊ लिहिलं. मी फाईल घ्यायला हात पुढे केला.