आधाराशिवाय उभं राहणं

साळूबाईनं नातवाला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून आणलं होतं. जणू स्कॉलरशिपचीच परीक्षा. महाडच्या शिबिरात दर वर्षी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची हालचाल तपासतात. कुशीवर वळणं, बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आता गुण म्हटले की आजीला चैन कुठली? तुडीलला घरी तिनं सात वर्षांच्या हर्षदकडून महिनाभर सराव करून घेतला होता.

फिजिओथेरपिस्ट दीक्षानं त्याला आधाराशिवाय उभं राहायला सांगितलं. पोरगा ऐटीत उभा राहिला. गेल्या वर्षीसारखेच तीन गुण ती लिहिणार, एवढ्यात तिला सदऱ्याखाली शिरलेला साळूबाईचा हात दिसला. म्हातारीनं नातवाचा करगोटा मागून घट्ट धरला होता. दीक्षानं तिला हात काढायला लावला, आणि हर्षद गादीवर मटकन बसला. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदाही तेच झालं.

दीक्षाला आजीचा राग यायला हवा होता. उलट तिला वाटलं, गेल्या वर्षीही हिनं अशीच लबाडी केलेली असू दे. कारण सेरेब्रल पाल्सीत जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा तिथंच थांबते, पुढं सरकत नाही. आपल्या पायांवर उभं राहणारं पोर वर्षभरात असं ढासळलं, तर दुखणं दुसरंच असायची भीती असते, आतून पोखरत जाणारं, कधी रक्तातूनच आलेलं.

"आजी, खरं सांगा. गेल्या वर्षीही धरला होता ना?"

"नाय गो बाय, शप्पत. तवा त्याचा त्यो उभा ऱ्हायचा. दिवाळीपासनं धरावा लागतोय."

घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असं दीक्षानं विचारलं. तशी साळूबाईची कळी खुलली. हर्षदची धाकटी बहीण सेजल अगदी धडधाकट आहे, बाहेर बापाजवळ खेळतेय, दोन वर्षांची झाली पण कुणाच्या हाती लागत नाही, असं ती कौतुकानं सांगू लागली.

"टाच म्हणून टेकवत नाय. चवड्यांवरच धावते. ह्यो पन चालायला लागला तवा असाच धावायचा."

आजवर कुठल्याही मुलाला तपासायची दीक्षाला भीती वाटली नव्हती. तिनं गुणांचा कोरा तक्ता पुढं ओढला आणि सेजलला आत आणायला सांगितलं.